काम नसलेल्या सहा दिवसांचा भागाकार

घरतकाका, आठाला आठाने भागलं तर शून्य येतं, असं तुम्ही मला ठणकावून सांगितलंत, ती आपली पहिली भेट. मला यार्डात लागून तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता. न्हावा शेव्याच्या त्या यार्डात माझं काम साधं होतं. सकाळी कुठल्या टोळीला किती कंटेनर खाली करायला दिले आणि संध्याकाळपर्यंत तिने किती केले, ते शीटमध्ये भरायचं. केलेल्यांना दिलेल्यांनी भागायचं आणि येईल तो आकडा शेवटच्या खान्यात दाखवायचा. त्या दिवशी मी शीटची पहिली प्रिंट कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर लावली. तुम्ही चार नंबर शेडचे मुकादम. फळ्यावरचा कागद काढून तो हातात घेऊनच माझ्या टेबलाशी आलात.

"बाय, आमाला आठ दिले, आमी आठ खाली केले. इथं एक लिवलाय. एक कुठला राहिला?"

"राहिला नाही, काका. आठ भागिले आठ, एक."

"आठाला आठानं भागलं तर शून्य येतो. नववीपर्यंत गेलोय मी."

तुम्ही माझ्याच टेबलावरचं पेन घेतलंत आणि कागद उलटा करून भागाकार मांडलात, शाळेत मांडतात तसा. आठात आठ, एके आठ, वजा, खाली शून्य. त्या शून्याभोवती गोल काढून कागद माझ्यासमोर सरकवलात. माझ्या मागे दोन क्लार्क होते, ते हसायला लागले. मला मात्र हसू आलं नाही, कारण तुमचं गणित बरोबर होतं. तुम्ही फक्त चुकीच्या जागी बघत होतात.

"ही बाकी झाली, काका. वाटून काही उरलं नाही, म्हणून शून्य. उत्तर वर लिहिलंय तुम्ही."

"हा? हा तर लिवावाच लागतो." तुम्ही वरच्या एकाकडे बघितलंत. "आमचे गुरुजी खालीच बघायचे. खाली शून्य आला म्हंजे गणित सुटलं." मग विचारलंत, "मंग हा एक म्हंजे काय? एक काय?"

मी बी.कॉम. झालेली. इतकी वर्षं भागाकार केले, पण "एक काय" असं मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मला सुचलं ते बोलले, "आठात आठ किती वेळा बसतात? एकदाच. तो एकदा."

"एकदा," तुम्ही म्हणालात. "म्हंजे सांगलं तेवढं एक बार पुरं केलं."

"हो."

तुम्ही कागद सुलटा केलात आणि स्वतःच जाऊन तो परत फळ्यावर लावलात. मग टाचणी नीट बसली की नाही ते अंगठ्याने दाबून पाहिलंत.

त्यानंतर आपण बसमध्ये शेजारी बसायला लागलो. यार्डाची बस पनवेलच्या एसटी स्टँडपर्यंत यायची. मी तिथून रिक्षाने नवीन पनवेलला जायचे, तुम्ही त्याआधीच गावाच्या फाट्यावर उतरायचात. ट्रेलरची रांग लागली की बस अर्धा अर्धा तास एका जागी उभी. इतर लोक मोबाइल काढायचे, झोपायचे. तुम्ही काहीतरी विचारायचात. पाचशेला पाचशेनं भागलं तर? एकदा. लाखाला लाखानं? एकदाच. तुम्हाला त्याची गंमत वाटायची. एवढा मोठा आकडा आणि शेवटी तेवढाच एक. एकदा डब्यात उरलेली अर्धी भाकरी बाहेर काढून म्हणालात, "आता बोल. अर्ध्याला अर्ध्यानं भागलं तर? पाव येणार."

"या अर्ध्या भाकरीत अर्धी भाकरी किती वेळा बसते?"

तुम्ही तांदळाच्या त्या भाकरीकडे बराच वेळ बघत राहिलात. "एकदाच," म्हणालात आणि तिचे दोन तुकडे करून एक मला दिलात. पाव भाकरी मी खाल्ली. त्या दिवशीचा भागाकार दोघांनाही पटला.

मला तुमची एक गोष्ट लगेच आवडली होती. ती तुम्हाला सांगायची राहिली. एका संध्याकाळी तुम्ही बसमध्ये चढलात ते चिडलेले. तुमच्या टोळीला त्या दिवशी दोनच कंटेनर मिळाले होते आणि दोन नंबर शेडच्या टोळीने नऊ केले होते. फळ्यावर दोघांपुढे एकच. तुम्ही म्हणालात, "त्यांचं कंबरडं मोडलं आज. आमी दुपारनंतर सावलीत बसलो. दोघांना एकच कसा?" तक्रार स्वतःच्या फायद्याविरुद्ध होती. मी म्हटलं, "हा एक फक्त सांगतो की दिलेलं सगळं केलं. किती दिलं होतं ते सांगत नाही." तुम्ही म्हणालात, "मंग ते सांगाया दुसरं खानं ठेव. माणसाला दिसलं पायजे, कशाला कशानं भागलंय." दुसऱ्या दिवसापासून मी फळ्यावरच्या प्रिंटमध्ये 'दिलेले' आणि 'केलेले' असे दोन्ही रकाने टाकले. तोपर्यंत तिथे नुसतं उत्तर लागायचं. हे मला शिकवायला ऑफिसातलं कोणी आलं नव्हतं.

आता जे सांगते ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

चार नंबर शेडला काही दिवस काम नसायचं. तुमच्याकडे जपून उतरवायचा माल यायचा, काच, यंत्रांचे भाग, आणि तो रोज येत नाही. मग 'दिलेले' शून्य आणि 'केलेले'ही शून्य. शून्याला शून्याने भागा म्हटलं की शीट भागत नाही. त्या चौकटीत इंग्रजीत चूक असल्याचा शेरा येतो. पहिल्याच महिन्यात साहेबांनी ते बघून मला विचारलं, "हे काय घाण दिसतंय मध्ये मध्ये? वर रिपोर्ट पाठवायचाय." मी सूत्रात एक बदल केला. जिथे भागता येत नाही तिथे शून्य दाखव. एवढंच. दोन मिनिटांचं काम. शीट स्वच्छ दिसायला लागली. साहेब 'गुड' म्हणाले. त्या शून्याचा महिन्याच्या सरासरीवर काय परिणाम होईल, याचा विचार माझ्या मनातही आला नाही. फळ्यावर काम नसलेल्या दिवशी तुमच्यापुढे शून्य लागायचं, ते तुम्हीही बघायचात. पण काम नव्हतंच, म्हणून शून्य, असं समजून तुम्ही सोडून द्यायचात.

सात महिन्यांनी यादी लागली. ज्या टोळीची सरासरी पॉइंट पंच्याऐंशीच्या खाली, तिच्यातली दोन माणसं या आठवड्यात कमी होणार आणि पुढच्या महिन्यात सुधारणा नसेल तर पूर्ण टोळी. तुमची टोळी सगळ्यात खाली होती. पॉइंट सत्याहत्तर.

तुम्ही आलात तेव्हा हातात शाळेची दोनशे पानी वही होती. तुम्ही रोजचं लिहून ठेवत होतात, हे मला तेव्हा कळलं. वही उघडून माझ्यासमोर ठेवलीत. आवाज चढवला नाही.

"महिन्यात सव्वीस दिवस. वीस दिवस काम आलं, वीसच्या वीस दिवस एक. एक डबा मागं राहिला नाय. सहा दिवस काम आलं नाय. बाय, माझे सहा दिवस कुठं गेले?"

मी विसाला सव्विसाने भागलं. पॉइंट सत्याहत्तर. मला एका क्षणात सगळं कळलं. ज्या सहा दिवसांत तुम्हाला कोणी काम दिलंच नव्हतं, त्या सहा दिवसांत तुम्ही दिलेलं काम अजिबात केलं नाही, असं माझी शीट सांगत होती.

आणि मी तुम्हाला म्हटलं, "सिस्टीमच तशी आहे, काका. काम नसेल तर ती शून्यच धरते."

"सिस्टीमला सांगता येत नाय काय?"

"बघते."

मी बघितलं नाही. कारणं सांगायची तर आहेत. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. सात महिन्यांचे रिपोर्ट वर गेलेले होते. सगळे चुकले असं मीच जाऊन सांगायचं, याची भीती वाटली. रोज ठरवायचे की उद्या सांगते. शनिवारी तुमच्या टोळीतले दोघे कमी झाले, दत्ता आणि महादू. ऑफिसने काढले असं मी धरून चालले. कोणी ठरवलं ते विचारलं नाही.

तुम्ही बसमध्ये माझ्या शेजारी बसतच होतात. यादीबद्दल एक शब्द नाही. तुम्ही विचारायला लागलात ते शून्याबद्दल. सिस्टीम शून्य का धरते हे तुम्हाला समजून घ्यायचं होतं, म्हणजे साहेबांसमोर जाऊन बोलता येईल. आणि मी, जिने ते शून्य घातलं होतं, तुम्हाला शिकवत होते.

"कुठलाबी आकडा त्याच्याच आकड्यानं भागला की एक. हे तूच सांगलंस. मंग शून्याला शून्यानं भागलं की पण एकच व्हायला पायजे."

"तिथेच गडबड आहे, काका. भागाकार बरोबर आला की नाही हे कसं बघतो? उलटा गुणून. आठ भागिले आठ एक, कारण आठ एके आठ. दुसरा कुठला आकडा तिथे बसत नाही. आता शून्य भागिले शून्य एक म्हणा. शून्य एके शून्य. जमलं. पण पाच म्हटलं तरी शून्य पाचे शून्य. तेही जमतं. शंभर म्हटलं तरी जमतं."

"सगलेच बसतात?"

"सगळेच. म्हणून खरं उत्तर एकही नाही."

बस उभी होती. पुढे ट्रेलरच ट्रेलर. मग म्हणालात, "मंग शून्यपण बसतो. सिस्टीमनं घातला तो."

"बसतो."

"म्हंजे तो पण बरोबर?"

तिथे सांगायला हवं होतं. तुम्ही दार उघडून धरलं होतंत, मी फक्त आत यायचं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "बसतो म्हणून बरोबर नाही होत. कुठलाही बसतो, म्हणून कुठलाच लिहायचा नाही. जागा कोरी ठेवायची."

"कोरी कशाला? कुठलाबी बसत असंल तर माणसांच्या भल्याचा लिवावा. एक लिवावा."

"तसं नसतं, काका."

"का नसतं?"

बस हलली. मी पर्समधून मोबाइल काढला.

यादी लागून अकरावा दिवस. तुम्ही वही घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलात. माझं टेबल पार्टिशनच्या अलीकडे, सगळं ऐकू येत होतं. आत आणखी दोघे-तिघे बसलेले होते. तुम्ही भागाकार मांडून दाखवलात, आठाचा, तिनाचा. मग शून्याचा. मी शिकवलं होतं ते सगळं तुम्ही बरोबर सांगितलंत, माझ्यापेक्षा नीट. शेवटी म्हणालात, "साहेब, माझा बाप मिठागरात कामाला व्हता. पावसाचे चार महिने मीठ पिकत नाय. मंग चार महिने माझा बाप आळशी व्हता काय?"

आत कोणीतरी हसलं. "मुकादम, मिठागराचं इथे काय?" मग आणखी हसले.

साहेब म्हणाले, "सिस्टीम चुकत नसते, घरत."

"बायपण बोलते, सिस्टीम तशी हाय. पण सिस्टीमला कुणीतरी सांगलं असंल ना, साहेब."

तुम्ही बाहेर आलात आणि माझ्याकडे बघून मान हलवलीत, जमलं नाही अशी. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तुम्हाला वाटत होतं, आपल्यालाच सांगता आलं नाही. ते बघून मला जे झालं, त्याला लाज म्हणतात की आणखी काही, माहीत नाही. त्या दिवशी बसमध्ये मी डोकं दुखतंय म्हणून डोळे मिटून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्स टेबलावर ठेवण्याआधीच मी केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की सूत्र माझं आहे, शून्य मी घातलंय, काम नसलेले दिवस सरासरीतून वगळायला हवेत. साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "हे आत्ता सांगताय?" पुढे म्हणाले, "दुरुस्त करा. गाजावाजा नको." मी सात महिने दुरुस्त केले. ताळा करायला जुन्या प्रिंटवरचे तुमचे ते 'दिलेले' आणि 'केलेले' रकाने कामाला आले. तुमच्या टोळीचा आकडा सातही महिने एकाला धरून निघाला. यादी फळ्यावरून निघाली. टोळी राहिली. माझी नोकरीही राहिली, पत्र दोन महिने उशिरा आलं.

तुम्हाला मी एवढंच सांगितलं, "दुरुस्त झालं, काका."

"सिस्टीमनं ऐकलं वाटतं तुझं."

"हो."

महादू परत आला. दत्ता आला नाही. दुसरीकडे ट्रेलरवर लागला, असं कळलं. मला ते ऐकून हलकं वाटलं होतं. त्याचं काही वाईट झालं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढची चार वर्षं चांगली गेली, काका. हे मला लिहून ठेवायचंय, कारण गेल्या काही दिवसांत मी फक्त त्या अकरा दिवसांचाच विचार करतेय. हिवाळ्यात तुम्ही पोपटीला घरी बोलावलंत. शेताच्या बांधावर मडकं उलटं लावून, भांबुर्ड्याचा पाला घालून, वालाच्या शेंगा भाजलेल्या. संध्याकाळ होती, धूर डोळ्यांत जात होता. तुम्ही गावातल्या लोकांना माझी ओळख करून दिलीत, "ही आमची भागाकारवाली बाय." काकूंनी मला गरम शेंगा पदराने पुसून दिल्या. त्या म्हणाल्या, "हे घरी पण भागत बसतात. मी बोलते, आधी जेवून घ्या." परतताना तुमच्या दारासमोरच्या घराच्या ओट्यावर एक माणूस आमच्याकडे पाठ करून बसला होता. मी विचारलं नाही कोण.

काम नसलेल्या दिवशी मी शीटमध्ये जागा कोरी ठेवत होते. तुम्ही प्रिंट बघून यायचात. "परत कोरी?" "कोरीच." "एक लिवायला काय जातं तुझं?" मला एकदा तुमचा राग आला. मी म्हटलं, "काका, काम केलं नाही त्या दिवशी पूर्ण केलं असं कसं लिहू? शून्य जसं खोटं, तसा एकही खोटाच." तुम्ही म्हणालात, "माझे लोक सकाळी सातला येऊन बसतात. दिवसभर हाक आली की उठायला तयार. ते खोटं हाय काय?" गणितात तयार बसून राहण्यासाठी रकाना नसतो.

मी तुम्हाला शेवटची भेटले ती पनवेलच्या हॉस्पिटलमध्ये. तुमच्या नाकाला नळी होती, पण डोळे जागे होते. तुम्ही विचारलंत, "शून्याचं काय ठरलं?"

मी खरंच वाचून आले होते. सांगितलं, "मोठमोठे गणितवालेही तिथे काही लिहीत नाहीत, काका. अर्थ नाही म्हणून सोडून देतात."

तुम्ही थोडे हसलात. "त्यांना माणसं सांभाळायची नसतात."

मी त्या दिवशी सांगायचं ठरवूनच आले होते. रिक्षात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. तेवढ्यात नर्स आली, तुम्हाला तपासणीला न्यायचं होतं. तुमचा मुलगाही खालून औषधं घेऊन आला. मी म्हटलं, "येते परत." चार दिवसांनी तुम्ही गेलात. मी त्या चार दिवसांत एकदाही आले नाही. कामं होती, पण यायला जमलं असतं.

काल तुमचं तेरावं होतं. दाराबाहेर मांडव, पंगत बसलेली. वरणाची बादली घेऊन कोणीतरी वाढत होतं, मागून हाक आली, "दत्ता, इकडं." मी वर बघितलं. यार्डातला तुमचा दत्ता. थोडा जाड झालाय, केस पांढरे झालेत. जेवण झाल्यावर तो हात धुवायच्या पिंपाजवळ पाणी ओतत होता, तेव्हा मी त्याच्याजवळ गेले. तुम्हाला सांगायचं राहिलं, निदान त्याला तरी सांगावं, एवढंच डोक्यात होतं.

"दत्ता, चार वर्षांपूर्वी यादी लागली होती, ती चुकीची होती. तुमचे बिनकामाचे दिवस मी शून्य धरले होते. सिस्टीमनं नाही, मी. तुमच्या टोळीतल्या कोणालाच काढायला नको होतं."

त्याने हातातला मग पिंपावर ठेवला. "तुमी?"

"हो."

त्याने ओले हात पुसले. मग म्हणाला, "नावं काकांनी दिलती."

मला हे माहीत नव्हतं, काका.

"साहेब बोल्ले, दोन नावं दे, नायतर सगलेच काढतो. काकांनी माजं दिलं. बोल्ले, दत्ताकडं ट्रेलरचं लायसन हाय, त्याला कुठंबी काम भेटल. पंधरा दिवसांनी मला बोलवाया आले. बोल्ले, परत चल, सिस्टीम चुकली व्हती." पुढे म्हणाला, "सिस्टीम कुठं चुकते काय? मला वाटलं, म्हाताऱ्यानं नाव दिलं, आता लाज वाटते म्हणून सिस्टीमवर ढकलतो. मी दार लावून घेतलं."

त्याने समोरच्या घराकडे हात केला. "ते माजं घर. चार वर्सं मी त्यांच्याशी बोल्लो नाय."

तुम्ही त्याला माझंच वाक्य सांगायला गेला होतात. मी खरं सांगितलं असतं, ऑफिसातल्या एका बाईने चूक केली असं तुम्ही त्याला सांगू शकला असतात, तर ते त्याला पटलं असतं. बाई चुकते, हे कोणालाही पटतं. रोज संध्याकाळी तुम्ही फाट्यावर उतरून त्या गल्लीतून, त्याच्या दारावरून घरी जात होतात. बसमध्ये माझ्याशी शून्यावर भांडून.

"त्यांना ठावं व्हतं? तुमी केलं ते?" दत्ताने विचारलं.

"नाही. मी सांगितलंच नाही."

तो मला ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. शेवटची पंगत बसत होती, मांडवातून त्याला परत हाक आली. त्याने बादली उचलली आणि गेला. सगळ्यांना वरण वाढलं, कोणाला पुन्हा हवं का तेही विचारलं. मी चपला शोधत होते तेव्हा तो रिकामी बादली मोरीपाशी ठेवून तुमच्या घरात शिरताना दिसला. दारात क्षणभर थांबला, मग आत गेला. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि खाली मान घालून काहीतरी सांगायला लागला. मला शब्द ऐकू आले नाहीत. काकूंनी मध्येच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तुमचा मुलगा, सून, शेजारचे दोघे, सगळे येऊन उभे राहिले.

काका, तो तुमच्याबद्दल बोलत होता. ऐकायला सगळं घर होतं, एक तुम्ही सोडून.